जुना, कुठेच न मिळणारा पिक्चर शोधायचा कसा

"अरे तो पिक्चर आता कुठेच मिळत नाही" असं ज्या जुन्या सिनेमांबद्दल आपण ऐकतो ना, त्यातले बरेचसे कुठे ना कुठे असतातच, फक्त आपण ज्या नावाने शोधतोय त्या नावाने ते तिथे नसतात. त्यामुळे युट्यूबवर दोनदा नाव टाकलं, काही आलं नाही, सोडून दिलं, असं करू नका प्लीज. जुना पिक्चर शोधायचा म्हणजे आधी त्याची ओळख पक्की करायची, आणि ती जितकी पक्की तितकं पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात क्लिअर पाहिजे, की "मिळत नाही" याचे वेगवेगळे अर्थ असतात. एक म्हणजे पिक्चर खरंच नष्ट झालाय, एकही प्रिंट शिल्लक नाही. दुसरं म्हणजे प्रिंट एखाद्या अर्काइव्हमध्ये (जुने सिनेमे जपून ठेवणारी संस्था) नीट ठेवलेली आहे पण हक्क कोणाकडे आहेत यावर घोळ आहे किंवा मालकच सापडत नाही, म्हणून कोणी रिलीज करत नाही. तिसरं, पिक्चर कधीतरी व्हिडिओ कॅसेट नाहीतर डीव्हीडीवर येऊन गेला, पण पुढे स्ट्रीमिंगवर कोणी आणलाच नाही. आणि चौथं, जे मला सगळ्यात कॉमन वाटतं, तो नेटवर आत्ताही पडलेला आहे पण भलत्याच नावाने किंवा दुसऱ्या लिपीत. या चारपैकी आपलं काय आहे हे कळलं की कुठे वेळ घालवायचा ते आपोआप ठरतं.

नावच आठवत नसेल तर

लहानपणी टीव्हीवर अर्धवट बघितलेला पिक्चर, एक सीन डोळ्यासमोर आहे आणि बाकी काहीच नाही, हे सगळ्यांचंच होतं. अशा वेळी आधी सर्च करायला बसू नका, कागद घ्या आणि जे आठवतंय ते लिहून काढा, पण दोन भागात, एका बाजूला शंभर टक्के खात्रीचं आणि दुसऱ्या बाजूला "बहुतेक". हे वेगळं करणं फार महत्त्वाचं, कारण आठवणी एकमेकांत मिसळतात, एका पिक्चरचा शेवट दुसऱ्याला चिकटतो, आणि मग तुम्ही अस्तित्वातच नसलेला सिनेमा शोधत बसता. कथेपेक्षा आजूबाजूची माहिती जास्त कामाला येते. कलर होता की ब्लॅक अँड व्हाइट, डब केलेला होता की खाली सबटायटल होते, साधारण कुठल्या साली बघितला, कुठल्या चॅनलवर, गाड्या आणि फोन कसे होते, कपडे कसे होते. "एक माणूस घर सोडून जातो" यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही, पण "शेवटी बाई रेल्वेच्या पुलावर उभी असते आणि तिच्या हातात पिंजरा असतो" यावरून ज्याने बघितलाय तो लगेच ओळखतो. कोणाला विचारताना खात्रीचं आधी सांगा आणि बहुतेकचं "नक्की नाही" असं म्हणून शेवटी सांगा, मदत करणाऱ्यांचा वेळ वाचतो.

स्क्रीनशॉट किंवा पोस्टरचा फोटो असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे नावाऐवजी फोटोच टाकून शोधा, गुगल लेन्सवर नाही सापडलं तर टिनआयवर टाकून बघा. गाणं आठवत असेल तर गाण्यावरून जा. रेकॉर्ड्स घरोघरी गेल्या, त्यामुळे पिक्चर गेला तरी गाणी राहिली असं खूप सिनेमांच्या बाबतीत झालंय.

कुंडली बनवा

नाव कळलं की खरं काम सुरू. एक साधी नोट बनवा आणि त्यात मूळ भाषेतलं नाव, मूळ लिपीतलं नाव, इतर देशांत ज्या ज्या नावाने रिलीज झाला ती सगळी नावं, साल, दिग्दर्शक, दोन-तीन कलाकार आणि लांबी एवढं लिहा. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटवर प्रत्येक पिक्चरच्या पानावर इतर नावांची यादी असते, ती कोणी उघडत नाही, पण आपल्याला तीच पाहिजे. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (१९४६) हा ब्रिटिश पिक्चर अमेरिकेत 'स्टेअरवे टू हेवन' म्हणून लागला होता. सत्यजित राय यांचा 'जलसाघर' (१९५८) बाहेरच्या जगात 'द म्युझिक रूम' आहे, आणि इंग्रजीत लिहिताना त्याचं स्पेलिंग कोणी एक करतो कोणी दुसरं, म्हणजे एका पिक्चरसाठी निदान तीन सर्च तरी करायलाच लागतात.

मूळ लिपी हा तर हुकमी एक्का आहे. जपानी, रशियन, कोरियन, अरबी पिक्चर शोधत असाल तर विकिपीडियावर त्याचं इंग्रजी पान उघडा, भाषांच्या यादीतून मूळ भाषेच्या पानावर जा, तिथलं शीर्षक कॉपी करा आणि ते जसंच्या तसं सर्चमध्ये टाका. भाषा यायची गरज नाही. इंग्रजी नावाने शून्य रिझल्ट येतात आणि मूळ लिपीत अख्खा पिक्चर समोर येतो, हे इतक्या वेळा होतं की मी आता इंग्रजीने सुरुवातच करत नाही.

अजून एक भानगड म्हणजे एकच पिक्चर दोन भाषांत वेगवेगळा शूट केलेला असणं. बोलपट नवीन होते तेव्हा हे सर्रास चालायचं. १९३१ चा 'ड्रॅक्युला' दिवसा इंग्रजीत शूट व्हायचा आणि रात्री त्याच सेटवर वेगळे कलाकार घेऊन स्पॅनिशमध्ये. प्रभातचे बघा ना, 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया ना माने', 'माणूस' (१९३९) हिंदीत 'आदमी', 'शेजारी' (१९४१) हिंदीत 'पडोसी', आणि हे डबिंग नाही, 'शेजारी'त केशवराव दाते आहेत तर 'पडोसी'त त्या जागी मझहर खान. त्यामुळे "सापडला" म्हणण्याआधी कुठला सापडला ते बघा, आणि आपला सापडत नसेल तर त्याचं भावंड सापडतंय का तेही बघा, निदान कथा आणि सेट तरी कळतात.

खरंच गेलाय का?

आता वाईट बातमी. काही पिक्चर खरंच गेलेत आणि ते आधी कळलेलं बरं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९१२ ते १९२९ मधल्या जवळपास ११,००० अमेरिकन मूक फीचर फिल्म्सपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाल्याचं दिसलं. 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) ची शेवटची माहीत असलेली प्रिंट १९६५ च्या स्टुडिओतल्या आगीत गेली, आता फक्त फोटो आहेत. आपल्या 'आलम आरा' (१९३१) ची एकही प्रिंट शिल्लक नाही, जो देशाचा पहिला बोलपट, तोच नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. कारणं साधीच होती. तेव्हाची ३५ एमएम फिल्म नायट्रेटची असायची, जी भडकन पेट घेते आणि वर्षानुवर्षं पडून राहिली तर चिकट होऊन शेवटी तिची पावडर होते. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते म्हणून जुन्या प्रिंट वितळवून ती काढून विकली गेली. बोलपट आल्यावर मूकपट परत कोण बघणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

अमेरिकन मूकपट असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर कुठला पिक्चर शिल्लक आहे, पूर्ण की अर्धा, आणि कुठल्या अर्काइव्हमध्ये, याचा डेटाबेसच आहे, तो आधी बघून घ्या. पण एक लक्षात ठेवा, "लॉस्ट" हा शब्द कायमचा नसतो. दिग्दर्शक ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) ची मूळ आवृत्ती आगीत गेली असं सगळे धरून चालले होते, आणि १९८१ मध्ये ती ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. 'मेट्रोपोलिस' (१९२७) चा कापलेला सुमारे २५ मिनिटांचा भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या फिल्म म्युझियममध्ये सापडला. कॅनडातल्या डॉसन सिटी या लांबच्या गावात १९७८ मध्ये खोदकाम करताना जमिनीखाली पुरलेली पाचशेहून जास्त रिळं बाहेर आली. जॉन फोर्डचा 'अपस्ट्रीम' (१९२७) न्यूझीलंडमध्ये मिळाला. यात एक पॅटर्न आहे बघा, प्रिंट एका गावातून दुसऱ्या गावात फिरत फिरत शेवटच्या थांब्याला पोचायची आणि तिथून परत पाठवायचा खर्च कोणाला परवडायचा नाही, म्हणून ती तिथेच राहायची. म्हणजे पिक्चर जिथे बनला तिथे नसेल तर तो शेवटी कुठे लागला होता ते शोधा. जुन्या मासिकांमधल्या जाहिराती आणि परीक्षणं यासाठी उपयोगी पडतात. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीवर जुनी सिनेमासिकं स्कॅन करून फुकट ठेवलीत आणि त्यांचं लँटर्न नावाचं सर्च पानांच्या आतला मजकूरही शोधतं. ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह नावाच्या साइटवर आहेत.

शोधायचं कुठे

युट्यूबवरच जायचं पण नीट. नावासोबत साल आणि दिग्दर्शक टाका, फिल्टरमध्ये वीस मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ निवडा, आणि त्या भाषेत "पूर्ण चित्रपट" ला जे म्हणतात ते शब्द जोडा, ट्रान्सलेटरवर दहा सेकंदात मिळतात. नावाने नाही सापडला तर कलाकाराच्या नावाने शोधा, बरेच लोक अपलोड करताना फक्त हिरो-हिरोईनचं नाव लिहितात. आणि ज्या चॅनलवर त्याच काळातला एक पिक्चर मिळाला त्या चॅनलची सगळी यादी खालपर्यंत स्क्रोल करा, तिथे हमखास अजून चार सापडतात.

त्याहीपेक्षा चांगलं म्हणजे अर्काइव्ह आणि स्टुडिओ स्वतः जे फुकट दाखवतात ते. कोरियन फिल्म अर्काइव्हचं युट्यूब चॅनल आहे, जुने कोरियन पिक्चर इंग्रजी सबटायटलसकट. मॉसफिल्मचं चॅनल आहे, रशियन क्लासिक्स भरपूर. डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपले मूकपट ऑनलाइन ठेवलेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल स्क्रीनिंग रूम आहे, इंटरनेट अर्काइव्ह तर माहीतच असेल. भारतीय पिक्चरसाठी इंडियनसिने.मा बघा, बऱ्याच सिनेमांची तपशीलवार माहिती तिथे मिळते आणि काही तर बघायलाही.

डिस्क निघाली होती का हे बघायला वर्ल्डकॅट वापरा, जगभरातल्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग आहे, तिथे डीव्हीडी, कॅसेट सगळं दिसतं आणि जवळच्या लायब्ररीत आहे का तेही कळतं. जुनी डीव्हीडी विकत घेणार असाल तर आधी रिजन कोड बघा, म्हणजे ती डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते, नाहीतर डिस्क येते आणि प्लेअर ती घेतच नाही.

आता एक अशी ट्रिक सांगतो जी फार कमी लोक वापरतात. इटलीत बोलोन्याला 'इल सिनेमा रित्रोव्हातो' आणि पोर्देनोनेला मूकपटांचा असे दोन मोठे फेस्टिव्हल होतात, फक्त जुन्या आणि नव्याने सापडलेल्या सिनेमांचे. त्यांचे कॅटलॉग ऑनलाइन असतात आणि प्रत्येक पिक्चरच्या माहितीत प्रिंट कुठून आणली त्या अर्काइव्हचं नाव दिलेलं असतं. बस, तेच पाहिजे असतं आपल्याला. पुस्तकांमध्ये फोटोखाली जे बारीक अक्षरात सौजन्य लिहिलेलं असतं त्यावरूनही असाच पत्ता लागतो.

अर्काइव्हला मेल कसा करायचा

लोक इथे उगाच घाबरतात. अर्काइव्हमध्ये काम करणारी माणसं सिनेमावर जीव असलेलीच असतात, नीट विचारलं तर उत्तर देतात, फक्त उशिरा. मेल छोटा ठेवा. मूळ नाव, साल, दिग्दर्शक, लांबी, आणि तुम्ही आधी कुठे कुठे शोधलं. का बघायचाय ते दोन ओळीत खरं खरं लिहा, रिसर्च असेल तर रिसर्च, घरातल्या कोणी त्यात काम केलं असेल तर ते. "फाइल पाठवा" असं लिहू नका, बऱ्याचदा त्यांच्याकडे फक्त प्रिंट असते, हक्क नसतात, आणि तिथेच नकार येतो. त्याऐवजी तुमच्याकडे याचं काही साहित्य आहे का, बघण्यासाठीची कॉपी आहे का, आणि तिथे येऊन बघायचं असेल तर वेळ कशी घ्यायची, एवढंच विचारा. आणि "साहित्य" असंच विचारा, कारण कधी कधी पूर्ण पिक्चर नसतो पण दोन रिळं, ट्रेलर, स्क्रिप्ट किंवा फोटो असतात. फिआफ म्हणून जगभरातल्या फिल्म अर्काइव्हची संघटना आहे, १९३८ पासूनची, तिच्या साइटवर सभासदांची यादी मिळेल. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ चं, तेही त्यात आहे.

सापडला, पण हाच का?

इथे सगळे घाई करतात. पिक्चर सापडला की आधी लांबी तपासा. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे चित्रं असतात, बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. जुन्या जाहिरातीत किंवा सेन्सॉरच्या नोंदीत लांबी १०,८०० फूट लिहिली असेल तर पिक्चर १२० मिनिटांचा, आणि तुमच्या हातातला ९५ चा असेल तर २५ मिनिटं कोणीतरी कापलीत. फक्त रिळांची संख्या दिली असेल तर १,००० फुटांचं भरलेलं रीळ साधारण ११ मिनिटांचं धरा, पण रिळं नेहमी पूर्ण भरलेली नसतात.

दोन ठिकाणी हा हिशोब फसतो. एक म्हणजे युरोपियन टीव्हीसाठी किंवा पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीसाठी केलेली कॉपी, ती सेकंदाला २५ फ्रेमने चालते, म्हणून १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो, काहीही न कापता. आवाज किंचित बारीक वाटला तर हेच कारण. दुसरं म्हणजे मूकपट. त्यांचा स्पीड ठरलेला नव्हता, १६ पासून २४ पर्यंत काहीही असायचा. ६,००० फुटांचा मूकपट १६ च्या स्पीडने १०० मिनिटं चालेल आणि २४ ने जेमतेम ६७. जुन्या कॉपीत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ना, ती मुळात तशी नव्हती, पिक्चर चुकीच्या स्पीडने ट्रान्सफर केलाय म्हणून तशी दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये स्पीड कमी करून बघा, चेहऱ्यावरचा अभिनय एकदम दिसायला लागतो.

मग फ्रेम बघा. टायटलची अक्षरं कडेला कापली जातायत का, लोकांची डोकी वरून उडालीत का, तसं असेल तर कॉपी टीव्हीसाठी किंवा छोट्या फिल्मवर उतरवताना क्रॉप झालीय. 'मेट्रोपोलिस'चा तो सापडलेला भागसुद्धा १६ एमएमवर उतरवलेला होता, त्यामुळे त्याची फ्रेम कापलेली आणि ओरखडे भरपूर, रिस्टोअर केलेल्या आवृत्तीत तो भाग बघताक्षणी ओळखू येतो.

आणि कॉपीराइट संपलेल्या सिनेमांबाबत सावध राहा. भारतात पिक्चरचा कॉपीराइट रिलीजनंतर ६० वर्षं असतो, अमेरिकेत त्या काळातल्या सिनेमांना ९५. तो संपला की कोणीही कॉपी काढून टाकू शकतं, आणि म्हणूनच अशा सिनेमांच्या सगळ्यात खराब कॉपी सगळ्यात जास्त पसरतात. पहिली जी सापडली ती बघून "जुने पिक्चर असेच धूसर असतात" असं मत बनवू नका, आधी कोणी रिस्टोअर केलाय का ते बघा. रायांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या होत्या, तरी त्यातून जे वाचलं ते आणि इतर प्रिंट वापरून २०१५ मध्ये जे रिस्टोरेशन आलं ते बघितल्यावर आधीची कॉपी परत लावावीशी वाटत नाही.

सबटायटल जुळत नसतील तर

सुरुवातीपासून सारख्याच अंतराने मागे-पुढे असतील तर सोपं, व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कीने सरकवा. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे बिघडत जात असतील, तासाभराने सव्वादोन-अडीच मिनिटांचा फरक पडत असेल, तर समजा की तोच २४ आणि २५ चा घोळ आहे. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट बदलायचा ऑप्शन आहे, आधीचा आणि नवीन आकडा टाका, सगळी फाइल एका झटक्यात जुळते. एक एक ओळ हाताने सरकवत बसू नका.

आणि हातात रिळंच आली तर

जुनं घर रिकामं करताना, बंद पडलेल्या थिएटरच्या खोलीत, कोणाच्या माळ्यावर अजूनही डबे निघतात. पहिलं म्हणजे प्रोजेक्टरवर लावू नका, आकसलेली फिल्म तिथेच फाटते. ३५ एमएम असेल तर कडेवर बारीक अक्षरात इंग्रजीत "नायट्रेट" किंवा "सेफ्टी" (म्हणजे नायट्रेटसारखी न भडकणारी) लिहिलंय का ते भिंगाने बघा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल आणि खात्री नसेल तर नायट्रेटच धरून चाला, घरात ठेवू नका, उन्हात ठेवू नका, आणि लगेच अर्काइव्हला फोन करा, कारण जळताना ती स्वतःच ऑक्सिजन तयार करते आणि पाण्यानेही विझत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेटची, म्हणजे सेफ्टी प्रकारातली, आगीचा तसा धोका नाही पण खराब व्हायला लागलीय, ती बाकीच्या रिळांपासून वेगळी आणि थंड कोरड्या जागी ठेवा.

छोट्या फिल्मला कमी लेखू नका. मधोमध भोकं असलेली ९.५ एमएमची फिल्म घरी बघण्यासाठी विकली जायची, त्यात मोठ्या सिनेमांच्या कापलेल्या आवृत्त्या असायच्या, आणि काही पिक्चर आज फक्त तशाच शिल्लक आहेत. सिनेमाचा इतिहासकार केव्हिन ब्राउनलोने 'नेपोलियन' (१९२७) परत जोडायला घेतला तो शाळेत असताना हाती लागलेल्या अशाच दोन रिळांवरून.

डब्यावरच्या नावावर मात्र विश्वास ठेवू नका. थिएटरमध्ये डबे रिकामे झाले की त्यात दुसरंच रीळ भरायचे, त्यामुळे वर एक नाव आणि आत भलताच पिक्चर असं सारखं होतं. डब्याचा, लेबलचा आणि फिल्मच्या सुरुवातीच्या काही फुटांचा उजेडात धरून फोटो काढा, कडेवरची अक्षरं आणि चिन्हंही घ्या, त्यांवरून फिल्म साधारण कधीची आहे ते अर्काइव्हवाल्यांना कळतं, आणि लेबलवर फालतू जाहिरातपट असं लिहिलेलं असलं तरी ते सगळे फोटो त्यांना पाठवा.